काळ्या डोक्याची चावी

चाव्या बनवणारी जरीनाभाबी कशी बाई आहे असं घुग्घुसमध्ये कोणालाही विचारा, गरीब गाय आहे म्हणून सांगतील. सांगू देत बापडे. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान तिच्या ठेल्याला लागून आहे, मधे फक्त एक पत्रा. दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतले पाच दिवस मी त्या पत्र्याच्या अलीकडून पाहिले आहेत. गाय वगैरे ती नाही. आणि मीही काही साधुसंत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला आश्चर्य वाटायला नको.

ठेला मुळात तिच्या नवऱ्याचा, बशीरभाईचा. गाड्यांच्या चाव्यांत वणीपासून चंद्रपूरपर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एक्क्याण्णव साली काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. दुसरा कोणी असता तर खाटेला खिळला असता. बशीरभाई महिनाभर घरी बसला आणि परत ठेल्यावर आला, बायकोला सोबत घेऊन. कानस तिच्या हातात, बोटं त्याची. ती कोरी पितळी चावी व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरून घासायची, तो दर दोन घासांनंतर चावी मागून घ्यायचा, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक दात्यांवरून फिरवायचा आणि कुठे किती घासायचं ते सांगायचा.

त्या बोटाला मी मानत होतो, माणसाला नाही. चावी हातात पडली की तो गाडी सांगायचा. अँबेसिडरची चावी लहान, पातळ, एकाच बाजूला दाते. मारुतीची दोन्ही बाजूंनी कापलेली, उलटी घाला की सुलटी घाला, लागणार. ब्रह्मपुरीकडच्या काळ्या-पिवळ्या जीपांच्या चाव्या झिजून इतक्या गुळगुळीत झालेल्या असत की स्टँडवर कोणाचीही चावी कोणाच्याही जीपला लागायची. ड्रायव्हर लोक ती सोयच समजत. लाइन सरकली की ज्याचे हात रिकामे तो समोरची जीप पुढे घ्यायचा. जुन्या ट्रकांचं तर विचारूच नका, स्विचमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसला तरी भागायचं. बशीरभाई अशी झिजकी चावी घ्यायचा आणि झिजण्याआधी तिचे दाते कुठे होते ते बोटानं शोधून काढायचा. असं काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

तोंड मात्र कानशीपेक्षा खरखरीत. घरी ही मंडळी हिंदीत बोलायची. पण बायकोचा पाणउतारा करायचा असला की बशीरभाई ठेल्यावर मुद्दाम मराठीत बोलायचा, गिऱ्हाइकाला नीट समजावं म्हणून. हिचे हात पोळ्या लाटायचे, पितळ हिला काय समजते, अल्लानं माझे डोळे नेले आणि बदल्यात ही दिली, असं काहीबाही. चावी मनासारखी झाली नाही की ती तो तिच्या बोटांच्या पेरांवर मारायचा. फार जोरात नाही, गिऱ्हाईक हसेल इतकीच. गिऱ्हाईक हसायचंही. मीसुद्धा हसलो आहे. मलाही त्यानं सोडलं नव्हतं. माझ्या दुकानात कोणी उभा दिसला, म्हणजे त्याला ऐकू आला, की तो पत्र्यावरून सांगायचा, दिनेश काय, वायर जोडणारा. दोन वायरी कोणीही जोडते.

सगळ्यात मोठं नाटक शेवटच्या हाताचं. चावी होत आली की तो ती तिच्याकडून काढून घ्यायचा, मांडीवर एक चौकड्यांचा रुमाल पसरायचा, चावी आणि कानस दोन्ही रुमालाखाली घ्यायचा आणि एक हात मारायचा. एकच. मग म्हणायचा, आता लावून पाहा. चावी लागायचीच. उस्तादाचा शेवटचा हात कोणी पाहायचा नसतो, असा त्याचा कायदा होता. गावात बोललं जायचं की जरीना नुसती हमाली करते, चावीत जीव येतो तो रुमालाखाली. अकरा वर्षं तिचाही तोच समज होता. माझ्या एकटीच्या हातानं चावी कधी लागतच नाही, असं ती स्वतःच्या तोंडानं सांगायची.

दोन हजार दोनच्या दिवाळीच्या सुमारास बशीरभाई तापानं दोन दिवस घरी होता. लच्छू म्हणून एक जीपवाला आहे, त्याची चावी भाबीनं घासून ठेवली होती. रुमालाचा हात तेवढा बाकी होता. लच्छूची जीप सवारीनं भरलेली, त्याला दम कुठला. भाबी नको नको म्हणत राहिली आणि तो चावी उचलून निघूनसुद्धा गेला. दिवसभर ती धास्तावून बसली होती की आता हा शिव्या देत येईल. संध्याकाळी लच्छू त्याच जीपमधून आला आणि चावी एक नंबर झाली म्हणून सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी भाबी माझ्या टेबलाशी आली. हातात तो चौकड्यांचा रुमाल होता.

"दिनेशभाऊ, हा रुमाल मी अकरा वर्सं धुऊन राह्यली," ती म्हणाली. "माह्या ओढणीत पितळेचा कीस निंगते. त्याइच्या कुडत्यात निंगते. कधी कधी पोळीत बी लागते. या रुमालात एक दिवस नाई निंगाला."

मी माझी कानस उचलली आणि तिच्यासमोर आडवी धरली. सपाट कानशीच्या दोन रुंद बाजूंना दाते असतात, पण एका अरुंद कडेला ते मुळीच नसतात. कोपऱ्यात घासताना शेजारची भिंत खाल्ली जाऊ नये म्हणून ती कड गुळगुळीत ठेवलेली असते. ती पितळेवर दिवसभर फिरवली तरी काही निघायचं नाही. मी त्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं. ती स्वतः रोज कानस धरणारी, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. चावी तिच्याच हातानं पुरी झालेली असायची. रुमालाखाली तो नुसती ती गुळगुळीत कड फिरवायचा, अकरा वर्षं, प्रत्येक चावीवर.

मला वाटलं ती रडेल. तिनं रुमालाची नीट घडी घातली आणि घेऊन गेली. बशीरभाई बरा होऊन ठेल्यावर आला आणि पुन्हा तेच सुरू झालं, पेरांवर चावी, मांडीवर रुमाल, शेवटचा हात. भाबीनं चकार शब्द काढला नाही. मी समजलो, बाईनं गिळलं.

फेब्रुवारीत वारलूची गाडी आमच्यासमोर बंद पडली. वारलू मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, इथे एका कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर. मालकानं नवीकोरी गाडी घेतली होती, आणि तिच्यासारखी चावी घुग्घुसनं तोवर पाहिली नव्हती. पातं साधंच, डोकं मात्र काळ्या प्लास्टिकचं, चांगलं जाड. वारलू समोरच्या टपरीवर सोडा प्यायला थांबला आणि चावीनंच बाटलीचं झाकण उचकटायला गेला. पातं डोक्यापासून मोडलं. दुसरी चावी मालकाच्या बॅगेत, आणि मालक लग्नाला हैदराबादला गेलेला, सहाव्या दिवशी परत येणार. तोवर गाडी चालू झाली नाही तर माझी नोकरी गेली, हे वारलूनं कोणी न विचारताच तीनदा सांगितलं.

बशीरभाईनं मोडलेल्या पात्यावरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं की ही नवी जात आहे, हिला जरीनाचा हात लागणार नाही, मी स्वतः घासणार. काळं डोकं त्यानं हे प्लास्टिक काय कामाचं म्हणून परत केलं. वारलूनं ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासात चावी तयार झाली. वारलूनं ती लावली, फिरवली. इंजिन लागलं, दोन सेकंद चाललं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद.

मी लगेच ओळखलं. नव्या गाड्यांच्या वायरिंगचा दोन दिवसांचा क्लास मी आदल्याच वर्षी नागपूरला करून आलो होतो. असल्या चावीच्या काळ्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. ती स्विचजवळ असली तरच गाडी चावीला ओळखते. नसली तर इंजिन लागून तिथल्या तिथे बंद पडतं, मग पातं कितीही बरोबर कापलेलं असो. ते मोडलेलं डोकं नुसतं स्टिअरिंगच्या कव्हरखाली टेपनं चिकटवलं असतं तरी बशीरभाईच्या चावीनं गाडी चालू झाली असती. दहा मिनिटांचं काम. भाबी विचारायला आली तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, आणि वर म्हणालो, पात्याच्या तुकड्यावरून पहिल्या फटक्यात बरोबर चावी काढली, बोटं आहेत की काय आहे.

तिनं ते काळं डोकं टेबलावरून उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"त्याइले सांगू नोका," ती म्हणाली.

मी वारलूचं नाव काढलं. ती म्हणाली, मालक सहाव्या दिवशी येतो ना, पाचव्या दिवशी चालू करून द्या. मी हो म्हणालो. का म्हणालो याची मी नंतर पुष्कळ चांगली चांगली कारणं शोधून काढली, की नवराबायकोच्या मधे आपण कशाला पडायचं, की तिची अकरा वर्षं वाया गेली होती. त्यातलं एकही खरं नाही. मला मजा वाटली. वायर जोडणाऱ्याच्या टेबलावर उस्तादाची इज्जत पडली होती आणि उस्तादाला ती दिसत नव्हती.

भाबीनं जाऊन त्याला जे झालं तेवढंच सांगितलं, की लागते आणि बंद पडते. खोटं ती त्या पाच दिवसांत एक अक्षर बोलली नाही. बोलायची गरजच पडली नाही. जुन्या गाड्यांत चावीचा एखादा दाता केसभर उंच राहिला की चावी स्विचच्या शेवटच्या घरात टिकत नाही, मागे सरकते, आणि इंजिन लागून बंद पडतं. तीस वर्षांत बशीरभाईनं अशा शेकडो चाव्या दुरुस्त केल्या होत्या. तो हसून म्हणाला, "आखरी घरात टिकून नाई राह्यली. केसभर जास्त हाये." ज्याला काही येत नाही असा माणूस नागपूरला पाठवा म्हणून मोकळा झाला असता. याला सगळं येत होतं, म्हणून हा अडकला.

त्यानं दुसरी चावी घासली. तिसरी घासली. दुसऱ्या दिवशी तो वारलूच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः गाडीत जाऊन बसला, चावी लावली, कान देऊन ऐकलं, इंजिन मेलं, आणि तो परत येऊन चौथी घासायला बसला. वारलू समोरच्या कडुनिंबाखाली उकिडवा बसून राहायचा. जीपवाले लोक येता-जाता विचारायचे, किती झाल्या मिया. लच्छूनं तर एकदा आवाज देऊन सांगितलं की उस्ताद, वायर जोडणाऱ्याला विचारून पाहा. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खरोखर पत्रा चाचपत माझ्याकडे आला. बावीस वर्षांच्या शेजारात त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं. आवाज खाली आणून म्हणाला, "दिनेश, वायरिंगमधी काई हाये का रे?"

काळं डोकं माझ्या टेबलावर फ्यूजच्या डब्याशेजारी पडलेलं होतं. त्याचा हात त्यापासून वीतभरावर होता. भाबी पत्र्याच्या कडेशी येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"वायरिंग ठीक हाये, भाई," मी म्हणालो.

वायरिंग ठीकच होती. तो मान हलवून परत गेला, आणि त्याच दिवसापासून त्याचं तोंड बंद झालं. भाबीला शिवी नाही, मला टोमणा नाही.

चौथ्या दिवशी तेरा चाव्या झाल्या होत्या. बशीरभाईनं पॉलिश पेपरचा एक तुकडा घेतला आणि त्यावर तो आपलं बोट घासायला लागला, डाव्या हाताचं पहिलं बोट, ज्यानं तो दाते वाचायचा ते. आधी मला समजेना हे काय चाललं आहे. मग समजलं. बोटाची कातडी जाड झाली, म्हणून केसभर फरक कळेना, असं त्यानं ठरवलं होतं. कातडी पातळ करायची. तो शांतपणे, एका लयीत घासत होता, मधेच चावीवर बोट फिरवून पाहायचा, पुन्हा घासायचा. कागद लाल झाला. त्याला साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. टपरीवाला त्याचा चहा वेगळा करायचा. भाबी त्याच्यापासून दोन हातांवर बसून कोणाच्या तरी मोटरसायकलची चावी घासत होती. तिची कानस थांबली. तिनं त्या बोटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. आता ही सांगते, असं मला वाटलं, आणि तिनं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मला सांगावं लागलं नसतं. तिची कानस पुन्हा सुरू झाली. मी फ्यूजच्या डब्याचं झाकण लावलं आणि आपल्या कामाला लागलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीच गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी हे झाकण सांगेन.

पाचव्या दिवशी सकाळी भाबी येऊन म्हणाली, आज लावा. वारलू टपरीवर गेला तेवढ्यात मी स्टिअरिंगचं कव्हर उघडून काळं डोकं आत टेपनं बसवलं. तासाभरानं बशीरभाईची सोळावी चावी झाली. बोटाला चिंधी बांधलेली होती, ती वर करून त्यानं चावी चाचपली आणि तशीच बायकोपुढे धरली.

"तूच पाह्य आता," तो म्हणाला. "माही बोटं मेली."

भोवती पाच-सहा जण उभे होते. भाबीनं हात पुढे केला, चावी घेतली आणि म्हणाली, "रुमाल द्या."

त्यानं कमरेचा रुमाल काढून दिला. तिनं तो मांडीवर पसरला, चावी आणि कानस खाली घेतली आणि एक हात मारला. एकच. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. दातेरी बाजू पितळेवर फिरली की खर्र होतं. ती गुळगुळीत कड फिरली की काहीच होत नाही. ते काहीच न होणं जगात त्याच्याइतकं कोणाच्या कानाला ओळखीचं नव्हतं. त्याची मान झटकन वर आली.

वारलूनं चावी लावली. इंजिन लागलं आणि चालत राहिलं. लोकांनी वाहवा केली, लच्छू म्हणाला, उस्तादापेक्षा उस्तादीण भारी निघाली. बशीरभाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कळलं होतं की चावीवरून काहीच निघालेलं नाही, म्हणजे त्याची चावी आधीच बरोबर होती, म्हणजे या पाच दिवसांत कोणीतरी काहीतरी केलं आहे. पण हे बोलायचं तर आधी रुमालाखाली काय चालतं ते बोलावं लागलं असतं, अकरा वर्षांचं. वारलू हात जोडून गाडी घेऊन गेला. मालकानं पितळी चावी पाहून महिनाभरात त्याला काढूनच टाकलं, असं नंतर समजलं.

बोट बरं झालं नाही. मार्चमध्ये ते काळं पडलं. चंद्रपूरला डॉक्टरांनी आधी एक पेर कापलं, मग पूर्ण बोट, मग शेजारचंही.

आता ठेला जरीनाभाबी चालवते. नवऱ्याला घरी टाकून देत नाही, रोज हाताला धरून आणते, शेजारी बसवते, म्हणून तिचं गावात नाव आहे. प्रत्येक चावी झाली की ती आधी त्याच्या हातात देते. उरलेल्या बोटांना साखरेमुळे काही कळत नाही. तो उगीच चाचपल्यासारखं करतो. मग ती चावी काढून घेते, मांडीवर रुमाल पसरते आणि मराठीत, गिऱ्हाइकाला नीट समजेल अशा आवाजात म्हणते, मियाच्या बोटात आता दम नाई राह्यला, आखरी हात मलेच मारा लागते. गिऱ्हाईक हसतं. रुमालाखाली ती गुळगुळीत कड फिरते. दिवसातून दहा-पंधरा वेळा, त्याच्या कानाजवळ.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहामध्ये, भाबी समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेली असताना बशीरभाई पत्रा चाचपत माझ्याकडे आला. काळ्या डोक्याच्या चाव्या तोवर चंद्रपूरला सर्रास झाल्या होत्या, गिऱ्हाइकांच्या तोंडून त्याच्या कानावर आल्या असणार.

"दिनेश, त्या डोक्यात काय होतं?"

मी सांगितलं. चिप, स्विच, टेप, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कुडत्याच्या आतल्या खिशातून एक पितळी चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती गाडीला फारशी लागलीच नव्हती, तिचे दाते अजून कोरे होते.

"ही पहिल्या दिवशीची," तो म्हणाला. "ही बराबर होती?"

"बराबर होती, भाई."

"मग मी बोट काऊन घासलं?"

तो भांडत नव्हता. मला येत असेल तर सांगावं, अशा आवाजात त्यानं विचारलं होतं. पत्र्यापलीकडून भाबीची हाक आली, मारुतीची चावी झाली होती, तपासून द्यायची होती. त्यानं टेबलावरची चावी चाचपून शोधली, खिशात टाकली आणि पत्र्याला धरून गेला. मी कान देऊन बसलो. बराच वेळ झाला तरी पलीकडून कानशीचा आवाज आला नाही, आणि मग गिऱ्हाईक हसलं.